छोटीचा निरोप

माझ्या नवऱ्याला सगळं जग डेंटर म्हणतं, मीही तेच म्हणते. आणि अरे-तुरे करते. ज्यांना खटकतं त्यांनी कानात बोळे घालावेत. गाड्यांच्या पत्र्याला पडलेले पोचे ठोकून काढायचे हा त्याचा धंदा. तो ठोकतो, मी रंग मारते. लग्नाआधीपासून मी गाड्यांची पेंटर आहे. स्प्रे गन हातात घेतली की तोंडाला मास्क लावते, एरवी माझं तोंड बंद करणं कुणाला जमलेलं नाही.

डेंटरबद्दल सांगायचं तर त्याच्या हातापासून सुरुवात करावी लागते. पोचा काढताना पत्र्याच्या एका बाजूला लोखंडी ठोकळा धरायचा आणि दुसऱ्या बाजूने हातोडी मारायची. हलकी, एकाच तालात. जोरात मारलं तर पत्रा ताणतो, आणि एकदा ताणलेला पत्रा पुन्हा जागेवर बसत नाही, वरून कितीही लांबी, म्हणजे पुटी, भरा. पत्र्याच्या बाबतीत डेंटरला हे झोपेतसुद्धा कळायचं. माणसांच्या बाबतीत त्याचा हात म्हणजे हातच होता, मध्ये डोकं नव्हतं.

एकदा मी वाकून एका गाडीच्या दाराला पॉलिश पेपर मारत होते. गाडीचा मालक मागे येऊन उभा राहिला आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. ठेवला म्हणजे काय, फिरवलाच. मी बाजूची स्प्रे गन उचलून वळणार एवढ्यात डेंटरने त्या माणसाचं मनगट पकडलं, डिकीच्या कडेवर दाबलं आणि वरून डिकी बंद केली. बोटं आत, माणूस बाहेर. वर स्वतः डिकीवर बसला. तो माणूस किंचाळत होता आणि हा शांतपणे विचारत होता, "कुठला कलर म्हणालात, साहेब?" मी त्याला ढकलून खाली उतरवलं तेव्हा त्या माणसाची तीन बोटं निळी पडली होती. मी डेंटरला खूप बोलले. पण खोटं कशाला सांगू, त्या दिवशी तो मला फार आवडला.

त्याच्या आयुष्यात त्याला गप्प करू शकणारं एकच माणूस होतं, त्याची धाकटी बहीण. तिला आम्ही सगळे छोटी म्हणायचो. आईबाप लवकर गेले, हिला त्याने वाढवलं. ग्रीसने माखलेल्या हातांनी तिच्या वेण्या घालून तिला शाळेत पाठवायचा आणि मास्तरीण ओरडली की मास्तरणीलाच दम भरून यायचा. तो कुणाच्या अंगावर धावला की छोटी नुसतं म्हणायची, "दादा, पुरे." आणि एवढा मोठा रेडा जागच्या जागी थांबायचा. मला कित्येकदा हेवा वाटायचा तिचा. माझ्या "पुरे"ला त्या घरात कुत्रंही विचारत नव्हतं.

मग आमचा कॉम्प्रेसर जळाला आणि त्याचं वायरिंग करायला एक वायरमन आला. बारीक अंगाचा, हळू बोलणारा. काम संपल्यावर फरशी पुसून जाणारा. कॉम्प्रेसर एका दिवसात दुरुस्त झाला, पण वायरमन आठवडाभर येत राहिला, कधी टेस्टर विसरला म्हणून, कधी फ्यूज तपासायला म्हणून. मला पहिल्याच दिवशी कळलं. डेंटरला सगळ्यात शेवटी कळलं. "हा? फुंकर मारली तर उडेल हा!" तो म्हणाला. छोटी म्हणाली, "मग तू फुंकर मारू नकोस." लग्न झालं.

डेंटरला वायरमन कधीच पटला नाही. त्याने काही वाईट केलं होतं असं नाही, त्याने बहीण नेली होती, एवढंच. मी म्हणायचे, अरे, दोन गल्ल्या पलीकडे तर राहते. पण त्याच्या डोक्यात तिडीक गेली की गेली.

एका संध्याकाळी दोघं आमच्याकडे आले. वायरमनला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्यात नोकरी लागली होती, तिकडे राहायला जायचं होतं. छोटीने बिचारीने कितीतरी वेळ इकडचं तिकडचं काढत शेवटी ते सांगितलं. डेंटर ऐकत होता. मला त्याच्या मानेवरची शीर दिसत होती, म्हणून मी मध्ये उभी राहायला गेले, पण उशीर झाला. त्याने वायरमनच्या कानाखाली अशी वाजवली की तो दाराच्या चौकटीवर जाऊन आदळला आणि ओठ फाटला. "माझी बहीण तोडतोस माझ्यापासून?" छोटी "दादा, पुरे" म्हणाली नाही त्या वेळी. ती किंचाळली, "तू माणूस आहेस का?" आणि नवऱ्याचा हात धरून जिना उतरली. खाली त्यांची व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला.

डेंटर खाली गॅरेजमध्ये गेला आणि एका वाकलेल्या मडगार्डवर तुटून पडला. एवढा आवाज की वर माझ्या स्वयंपाकघरात भांडी थरथरत होती. त्याचा फोन बाकावर पडला होता. तो दोनदा वाजला. त्याला ऐकू आला नाही.

हातोडी थांबल्यावर त्याने फोन पाहिला. छोटीचे दोन कॉल आणि एक आवाजी निरोप. त्याने माझ्यासमोर लावला. वाऱ्याचा आवाज, कसलंतरी कर्रकर्र, आणि मग ती. "दादा... फोन उचल ना रे... गाडी खाली गेली... खाणीत..." मध्ये बराच वेळ नुसता श्वास. मग अगदी स्पष्ट, "दादा, त्याला सोडू नकोस."

आम्ही पोचलो तेव्हा दगडखाणीच्या तळाशी व्हॅन उलटी पडली होती. अग्निशमनवाले दार कापत होते. छोटीला बाहेर काढलं तेव्हा ती गेलेली होती. वायरमन तिथे नव्हता. त्याच्या बाजूचं दार उघडं होतं आणि दगडांवरून रक्ताचे डाग वर रस्त्याकडे गेले होते.

"पळाला," डेंटर म्हणाला. "तिला तशीच टाकून पळाला."

दुसऱ्या दिवशी वायरमन सापडला. रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात, बेशुद्ध, अनवाणी, डोकं फुटलेलं. शुद्धीवर आल्यावर पोलिसांनी त्याला विचारलं तर म्हणाला, "गाडी मी चालवत होतो." मग त्यांनी त्याला छोटीचा निरोप ऐकवला. त्यानंतर त्याच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

इकडे डेंटरने एक गोष्ट केली. छोटीचा आवाज त्याने फोनवर स्टेटसला ठेवला. खाली एवढंच लिहिलं, "ऐका." झालं! गॅरेजच्या गिऱ्हाइकांनी ऐकला, त्यांनी त्यांच्या गिऱ्हाइकांना पाठवला. आठवड्याभरात तो आवाज अख्ख्या शहरात फिरत होता. कुणीतरी त्याला मागे रडकं संगीत लावलं. कुणीतरी छोटीच्या लग्नातला फोटो घेऊन वायरमनच्या चेहऱ्यावर लाल फुली मारली. पोरी आरशासमोर उभ्या राहून तिच्या आवाजावर ओठ हलवत डोळ्यांतून पाणी काढायच्या आणि खाली शंभर जण लिहायचे, "सोडू नका त्याला!" माझ्या नणंदेचा शेवटचा श्वास होता तो, अरे! भाजी चिरता चिरता ऐकायचं गाणं नव्हतं! मी एकीला तसं लिहिलं तर तिने मला हसणारं तोंड पाठवलं.

खटला चालला. आरोप असा की वायरमनने भांडणाच्या रागात मुद्दाम गाडी खाणीत घातली आणि स्वतः उडी मारून पळाला. कोर्टात निरोप लावला गेला. खोली एवढी गच्च भरलेली की लोक खिडक्यांच्या गजांना लटकले होते. वायरमनचा वकील तरुण होता, सारखा घाम पुसायचा. तो उठून म्हणाला, "सोडू नकोस याचा अर्थ शिक्षा झाल्याशिवाय सोडू नकोस असाच होतो असं नाही. त्याला अंतर देऊ नकोस, एकटं टाकू नकोस, असाही होतो."

सगळी खोली हसली. खदाखदा. डेंटर हसला नाही. तो बाक ओलांडून वकिलाच्या अंगावर धावला, तिघा पोलिसांनी त्याला धरला, तरी त्याने एका पोलिसाच्या हाताला चावा घेतला. "एवढं साधं बोलणं कळत नाही?" तो ओरडत होता. "मरताना बोलली ती! मरताना कोण लाडीगोडी लावतं?" आणि त्या गदारोळात पिंजऱ्यातला वायरमन वकिलाला म्हणाला, "बसा तुम्ही. असं काही नाही." मी समोरच उभी होते, मला स्पष्ट ऐकू आलं. स्वतःच्या वकिलाला कोण असं गप्प करतं?

निकाल लागला. मुद्दाम केल्याचा पुरावा नाही. बेदरकारपणे गाडी चालवल्याबद्दल वर्षभराची शिक्षा, ती त्याने आधीच आत भोगलेली. म्हणजे सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याला बाहेर काढलं आणि लोक तुटून पडले. बूट, बाटल्या, छत्र्यांची टोकं. एका म्हाताऱ्याने, ज्याने आयुष्यात झुरळ मारलं नसेल, त्याच्या डोळ्यांत मूठभर माती फेकली. मारणारे कमी आणि फोन उंच धरून उभे राहिलेले जास्त. वायरमन खाली पडला, तोंड झाकायला हातसुद्धा वर केले नाहीत त्याने. आणि माझा नवरा गर्दीत घुसला, लोकांना धरून धरून बाजूला फेकू लागला. मला वाटलं, चला, याला दया आली. कसली दया! तो ओरडत होता, "हात लावू नका! तो माझा आहे!"

त्यानंतर डेंटर घरात बोलेनासा झाला. जेवायचा, ठोकायचा, झोपायचा. माझ्या मनात मात्र त्या वकिलाचं बोलणं काट्यासारखं रुतून बसलं होतं. छोटी कशी बोलायची ते मला आठवायचं. मी एकदा भीत भीत म्हणाले, "अरे, तिला खरंच तसं म्हणायचं असेल तर?" त्याने हातातली हातोडी फेकली. मला नाही, भिंतीला. तिथला गिलावा विटेपर्यंत उडाला. मी म्हणाले, "फेक अजून. भिंत तरी कुठे उलट बोलते." पण मनातून मी टरकले होते. ही हातोडी एक दिवस कुठे पडणार, हे मला दिसत होतं.

वायरमनने एका लाँड्रीच्या वर खोली घेतल्याचं कुणीतरी शोधून काढलं आणि पत्ता लगेच सगळ्यांच्या फोनवर. लोक खिडकीवर दगड मारून यायचे, फोटो टाकायचे. डेंटर ते फोटो बोटांनी मोठे करकरून बघायचा. जिना कुठून आहे, दार कोणत्या बाजूला उघडतं.

त्याच दिवसांत पोलिसांकडून छोटीचं सामान परत आलं. पर्स, एक चप्पल, आणि काच चुरा झालेला फोन. वर्षभर तो एका पाकिटात सीलबंद पडला होता. निरोप डेंटरच्या फोनवर मिळालाच होता, मग फुटका फोन कोण कशाला उघडतंय? मला त्यातले तिचे फोटो हवे होते. मी तो चौकातल्या मोबाइलवाल्याकडे नेला. त्याने नवीन काच बसवली, चार्जिंगला लावला, दुकानाचं वायफाय जोडलं. तिचं कुलूप मला माहीत होतं, बोटाने उलटा त्रिकोण काढायचा.

फोन जागा झाला आणि मी फोटोंकडे गेलेच नाही. "दादा" नावाच्या चौकटीत दोन निरोप होते. पहिला, जो सगळ्या जगाने ऐकला होता. त्याच्या खाली दुसरा. त्याच्या कोपऱ्यात इवलंसं घड्याळ, म्हणजे अजून गेलेला नाही. खाणीत रेंज गेली असणार आणि तो तसाच अडकून राहिला असणार. माझ्या डोळ्यांसमोर ते घड्याळ गेलं आणि एक टिक आली. मग दुसरी. निरोप डेंटरच्या फोनवर पोचला.

मी दुकानात उभ्या उभ्या तो कानाला लावून ऐकला. लगेच डेंटरला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. पुन्हा लावला. गॅरेजमध्ये पळत आले तर शटर अर्धं खाली आणि मोठी हातोडी, जी फक्त चासीसाठी, गाडीच्या सांगाड्यासाठी वापरतो, जागेवर नाही. मग मी लाँड्रीच्या दिशेने अशी धावले की एक चप्पल रस्त्यातच राहिली.

लाँड्रीतल्या बाया इस्त्र्या तशाच टाकून जिन्याखाली उभ्या होत्या. दोन पोरं फोन वर धरून आवाज रेकॉर्ड करत होती. वरून जे ऐकू येत होतं ते ऐकून एकानेही पायरी चढली नव्हती. मी एकाच्या हातातला फोन हिसकून भिंतीवर आपटला आणि वर गेले.

दार फोडलेलं नव्हतं. ते उघडंच होतं, नंतर कळलं की वायरमन ते कधी लावतच नव्हता. आत एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. वायरमनचा उजवा हात टेबलावर होता, म्हणजे हाताचं जे काही उरलं होतं ते. बोटं नको त्या दिशांना वळली होती, टेबलावरून रक्त टपटप खाली पडत होतं. डेंटर आता गुडघ्याकडे वळला होता. माझ्यादेखत त्याने हातोडी मारली आणि जो आवाज आला तो मी अजून विसरलेले नाही. ओलं लाकूड मोडावं तसा. वायरमन ओरडला नाही, नुसती हवा बाहेर पडली त्याच्या तोंडातून. मग तो म्हणाला, "डोक्यात मार ना, दादा. इथे कशाला वेळ घालवतोस."

मी डेंटरच्या पाठीवर उडी मारली. त्याने मला झटकली, मी खाटेच्या लोखंडावर तोंडावर पडले आणि माझा पुढचा दात तुटला. "थांब!" मी ओरडत होते, "थांब, ती बोललीय अजून, ऐक!" तो काही ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. शिव्या, आरोळ्या, तोंडाला फेस. मी रक्ताळलेल्या बोटाने छोटीचा फोन उघडला, आवाज सगळा वाढवला आणि निरोप लावला.

"दादा... तो वर पळालाय रे, रस्त्यावर... कुणीतरी थांबेल म्हणून... त्याच्या डोक्यातून रक्त येतंय, त्याला कळतही नाहीये... दादा, मला काही झालं ना, तर तो स्वतःचं काहीतरी करून घेईल. त्याला घरी घेऊन जा. एकटा ठेवू नकोस... आणि ओरडू नकोस त्याच्यावर..."

डेंटरने हातोडी डोक्यावर उचलली होती. त्याला थांबवलं ते मी नाही. वायरमनने डावा हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याने हात वर केला असेल. "थांब," तो म्हणाला. "ती बोलतेय."

डेंटर तसाच थांबला, हातोडी वर.

"परत लावा, वहिनी," वायरमन म्हणाला.

मी परत लावला. त्याने पुन्हा सांगितलं, पुन्हा लावला. त्याचा हात चिंधड्या झालेला, गुडघा फुटलेला, आणि तो मान वाकडी करून एकेक शब्द टिपून घेत होता. मग त्याने माझ्याकडे बघून अगदी लहान पोरासारखं विचारलं, "म्हणजे ती रागावली नव्हती माझ्यावर?"

मी त्याच्याजवळ खाली बसले.

"पोलिसांनी तो पहिला ऐकवला ना," तो म्हणाला, "तेव्हापासून मला वाटत होतं, मरताना तिने मला मारायला सांगितलंय. म्हणून दार उघडं ठेवत होतो. म्हटलं, तिची शेवटची इच्छा आहे, होऊ दे." आणि तो रडायला लागला. हाडं मोडताना न रडलेला माणूस हमसून हमसून रडत होता. सगळ्या शहराने तिचं बोलणं चुकीचं ऐकलं, ते शहराचं नशीब. पण ते ज्याच्यासाठी होतं त्यानेही तसंच ऐकलं आणि वर्षभर ते उराशी धरून जगला. त्या क्षणी मला सगळ्या जगाला त्याच हातोडीने ठेचावंसं वाटलं.

डेंटरच्या हातून हातोडी पडली. तो खाली बसला, त्याने आपला सदरा फाडला आणि वायरमनच्या हाताला बांधायला लागला, पण गाठ बसेना. मी बांधली. मग त्याने वायरमनला पाठीवर घेतलं आणि जिना उतरला. खाली सगळे पांगले.

हॉस्पिटलात पोलिसांनी वायरमनला विचारलं, कुणी मारलं? मला वाटलं होतं, घरचा मामला म्हणून काहीतरी सांगेल, जिन्यावरून पडलो वगैरे. त्याने सरळ सांगितलं, "माझ्या मेव्हण्याने. हातोडीने. दारात बसलाय तो." डेंटर खरंच दारात बसला होता, मनगटं पुढे करून. मला वायरमनचा राग आला का? आला. आणि दुसऱ्या क्षणी वाटलं, बरं केलंस, बाबा. या घरात कुणीतरी एकदा खरं ते सरळ बोलायला हवं होतं.

डेंटरला सहा वर्षांची शिक्षा झाली. आता सगळ्यांचे फोन उलटे वाजायला लागले. जिन्याखालच्या दुसऱ्या पोराने वरचा आवाज रेकॉर्ड केला होता, आणि ज्यांनी दगड मारले तेच तो दुसरा निरोप फिरवून रडत होते. एक पोरगी गॅरेजच्या दारात येऊन म्हणाली, "काकू, तुमच्या दोन शब्दांचा व्हिडिओ घेऊ?" मी स्प्रे गन तिच्या फोनच्या काचेवर धरली आणि लाल रंग मारला. दोन शब्द मागितले होते, एक हात मारून दिला.

वायरमनला मी घरी आणला. दयेने नव्हे, तिने सांगितलं होतं म्हणून. पहिल्या आठवड्यात मी त्याला इतकी बोलले, इतकी बोलले! "तोंडाला कुलूप लावून बसलात, भाऊजी! एकदा सांगितलं असतं की मदत आणायला पळालो होतो, तर काय बिघडलं असतं?" तो म्हणाला, "कुणी विचारलं, वहिनी?" यावर मी गप्प झाले, जे फार क्वचित होतं. त्याची दोन बोटं वाकत नाहीत, वायर धरता येत नाही, चालताना काठी लागते. डाव्या हाताने तो गॅरेजमध्ये लांबी घासतो. डेंटरला त्याने माफ केलेलं नाही. मीही त्याला कधी माफ करा म्हटलं नाही.

डेंटरने तुरुंगातून निरोप पाठवला होता की वायरमनने भेटायला येऊ नये, आपल्याला त्याला तोंड दाखवायची लाज वाटते. परवा वायरमन काठी घेऊन उठला आणि म्हणाला, "वहिनी, आज मी येतो." मी म्हटलं, तो बोलणार नाही तुमच्याशी. "न बोलू दे. मला बोलायचंय."

भेटीच्या खोलीत जाळीच्या पलीकडे डेंटर येऊन बसला. वायरमनला बघून त्याने मान खाली घातली. केस बरेच पांढरे झालेत त्याचे. वायरमन खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "मी जोरात चालवत होतो, दादा. रागात होतो. ते खोटं नाही. तू मला मारलंस, पण त्या गाडीत काय झालं ते कधी विचारलं नाहीस."

डेंटरने मान वर केली. मग त्याने विचारलं, "काय झालं गाडीत?" आणि जन्मात पहिल्यांदा, प्रश्न विचारून तो उत्तरासाठी थांबला.

"ती म्हणत होती, गाडी वळव."

"कशाला?"

"म्हणाली, दादा रागावला की जेवत नाही. आपण परत गेलो तर दोन घास खाईल तरी." वायरमनने ओठावरच्या जुन्या व्रणावर बोट ठेवलं. "माझ्या ओठातून रक्त येत होतं. मी म्हणालो, मरू दे उपाशी. ती म्हणत राहिली, वळव ना, वळव ना. मी पाय दाबला. पुढे वळण होतं."

डेंटरने जाळीला दोन्ही हातांनी धरलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला काय विचारायचंय ते मला कळलं: त्या रात्री मी जेवलो होतो का? खरंच जेवला नव्हता तो. मी त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं तेव्हा कुणीतरी ते घासून टाकलं.